हलबचे शेख आणि अफलातून

मराठीत एखादी गोष्ट फारच आवडली की आपण 'अफलातून!' म्हणतो. सचिनचा षटकार अफलातून असतो, लग्नातली बिर्याणी अफलातून असते. रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर याच नावाची तुपाळ मिठाई मिळते. उर्दूत मात्र हा शब्द थोडा तिरका वापरला जातो. कुणी जास्त शहाणपणा करू लागला की 'बडा अफलातून बनता है' म्हणून त्याला गप्प बसवतात. माझ्या सातवीच्या वर्गात एकदा असेच झाले. एका मुलाने दुसऱ्याला अफलातून म्हटले, आणि मी सांगितले की अफलातून हा खरोखरचा माणूस होता, युनानातला मोठा फिलॉसॉफर, मराठी आणि इंग्रजी पुस्तकात ज्याला प्लेटो म्हणतात तोच. तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "टीचर, वो मुसलमान था क्या?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. कारण त्याच सुमारास मी ज्यांच्याविषयी वाचत होते, त्या शेखनी आपले सगळे आयुष्य याच प्रश्नाभोवती काढले होते. युनानच्या जुन्या हकीमांचे आणि आपले नाते काय? ते परके, की आपलेच कुणी बुजुर्ग?

या शेखांचे नाव शहाबुद्दीन यह्या सुहरावर्दी. नाव ऐकताच वाचकांच्या मनात दुसरेच सुहरावर्दी उभे राहतील याची मला कल्पना आहे. 'अवारिफुल मआरिफ' लिहिणारे शेख शहाबुद्दीन उमर सुहरावर्दी, ज्यांचे खलिफा मुलतानचे बहाउद्दीन झकरिया, ज्यांचा सिलसिला हिंदुस्थानभर पसरला, ते वेगळे. दोघांचा लकब एक, दोघांचे मूळ गाव एक, शतकही एक. पण उमर सुहरावर्दी बगदादमध्ये खलिफाच्या मानसन्मानात नव्वदीच्या आसपास पोचून १२३४ मध्ये वारले. यह्या सुहरावर्दी ११९१ मध्ये हलबच्या किल्ल्यात मारले गेले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे छत्तीस. म्हणून इतिहासात एकाला नुसते शेख म्हणतात आणि दुसऱ्याच्या नावापुढे 'मक्तूल', म्हणजे कत्ल झालेला, असे लावतात. त्यांचे शागीर्द मात्र त्यांना 'शेख इश्राक' म्हणत. इश्राक म्हणजे सूर्य उगवतानाचा उजेड.

त्यांचा जन्म ११५४ चा, वायव्य इराणात झंजानजवळच्या सुहरावर्द गावातला. मराग्याला मजदुद्दीन जीली यांच्याकडे ते शिकले. इमाम फख्रुद्दीन राझी हेही याच उस्तादांचे शागीर्द. पुढे इस्फहान, मग अनातोलिया, मग शाम असा त्यांचा प्रवास झाला. सोबत सामान नसे. कपडे फाटके, रोजे पुष्कळ, झोप कमी. हकीमांची चरित्रे लिहिणाऱ्या इब्ने अबी उसैबिया यांनी एक हकीकत दिली आहे. हलबच्या हलाविया मदरशात हे शेख दरवेशाच्या वेशात येऊन बसले. मदरशाच्या प्रमुखांना त्यांची विद्वत्ता कळली आणि त्यांनी मुलाच्या हाती चांगले कपडे पाठवले. शेखनी कोंबडीच्या अंड्याएवढा एक लाल काढून मुलाला दिला आणि बाजारात त्याची किंमत काढून आण, म्हणून सांगितले. बोली शाहजाद्यापर्यंत गेली, तीस हजार दिरहमपर्यंत चढली. मुलगा लाल घेऊन परत आला तेव्हा शेखनी तो दगडावर ठेवून ठेचला. म्हणाले, वडिलांना सांग, कपड्यांचीच हौस असती तर आम्हाला ते मिळाले नसते असे नाही. गोष्ट खरी असो की रचलेली, माणूस कसा असेल याचा अंदाज तिच्यातून येतो. तेज होता, आणि ते झाकून ठेवणे त्याला जमत नव्हते.

आता युनानी ज्ञानाचा धागा. तो समजून घेण्यासाठी जरा मागे जायला हवे.

प्लेटोनंतर सुमारे सहाशे वर्षांनी इजिप्तमध्ये प्लॉटिनस नावाचा एक साधक होऊन गेला. इस्कंदरियात त्याने अकरा वर्षे आपल्या गुरूजवळ काढली. इराण आणि हिंदुस्थानचे ज्ञान शिकावे या ओढीने तो २४३ मध्ये रोमच्या बादशहाच्या फौजेबरोबर निघाला. पण बादशहा वाटेत मारला गेला आणि प्लॉटिनस जीव वाचवून अंताकियाला पळाला. अंताकिया म्हणजे हलबच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचे शहर. पुढे रोममध्ये त्याने शिकवले आणि २७० मध्ये तो वारला. त्याचे लेख त्याच्या शिष्याने, पॉर्फिरीने, नऊ-नऊचे सहा गट करून जमवले. पॉर्फिरी लिहितो की आपण जवळ असताना आपल्या गुरूला त्या परम एकाशी मिलनाचा अनुभव चार वेळा आला. प्लॉटिनसचे सांगणे थोडक्यात असे की सगळे अस्तित्व एका मूळ एकापासून, सूर्यापासून किरणे निघावीत तसे निघते, आणि आत्म्याने आत वळले तर तो त्याच वाटेने परत जाऊ शकतो.

नवव्या शतकात बगदादमध्ये युनानी पुस्तकांचे अरबी भाषांतर जोरात चालले होते. अब्दुल मसीह इब्ने नाइमा या हिम्सच्या ख्रिस्ती विद्वानाने प्लॉटिनसच्या लेखांचा मोठा भाग अरबीत आणला. फिलॉसॉफर अल किंदी यांनी त्यावर हात फिरवला, खलिफा मोतसिम यांच्या अहमद नावाच्या शाहजाद्यासाठी. आणि इथे इतिहासातला एक गमतीदार घोटाळा झाला. या पुस्तकावर नाव पडले अरस्तूचे, म्हणजे अॅरिस्टॉटलचे! 'उसूलूजिया', अरस्तूचे इलाहियात, म्हणून ते शतकानुशतके वाचले गेले. प्लॉटिनसचे काही विचार 'शेख युनानी' या नावानेही फिरत राहिले. म्हणजे माणूस आपल्या घरात येऊन बसला होता, त्याला शेख म्हणून मानही मिळत होता, फक्त त्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. हा घोटाळा एकोणिसाव्या शतकात युरोपियन विद्वानांनी उलगडला.

या पुस्तकात एक प्रसिद्ध जागा आहे. लिहिणारा सांगतो की मी अनेकदा देहाला बाजूला ठेवून स्वतःत परतलो आणि तिथे असे सौंदर्य, असा उजेड पाहिला की त्याचे वर्णन करता येत नाही. पुढे तो स्वतःलाच विचारतो की मग मी पुन्हा या देहात उतरलो कसा? हा प्लॉटिनसचा स्वतःचा अनुभव. फाराबीच्या नावे असलेल्या ग्रंथात तो अरस्तूचा म्हणून येतो, कारण पुस्तकावर तेच नाव होते. सुहरावर्दींनीही हा अनुभव सांगितला, पण अफलातूनचा म्हणून. मला हे विलक्षण वाटते. त्यांच्याकडे हस्तलिखिते तपासण्याची आजची साधने नव्हती. अफलातूनचे मूळ संवादही अरबीत पुरते आलेले नव्हते. सारांश, उतारे, वचने एवढेच हाताशी होते. तरीही त्यांना वाटले की हा आवाज तर्कशास्त्र रचणाऱ्या अरस्तूचा नव्हे, त्याच्या उस्तादाचा आहे. नाव चुकलेच, पण घराणे बरोबर ओळखले. प्लॉटिनस आयुष्यभर स्वतःला अफलातूनचा भाष्यकारच समजत होता.

अरस्तूशी त्यांचा हिशेब वेगळ्याच ठिकाणी झाला, स्वप्नात. 'तल्विहात' या ग्रंथात ते सांगतात की ज्ञान म्हणजे नेमके काय, या प्रश्नाने मला हैराण केले होते. पुस्तकांत उत्तर सापडत नव्हते. एका रात्री झोप आणि जाग यांच्या मधल्या अवस्थेत त्यांना उजेड दिसला आणि त्यात एक मानवी आकृती, अरस्तूची. शेखनी आपली तक्रार मांडली. अरस्तूचे उत्तर होते, स्वतःकडे परत जा.

पुढचा संवाद बराच बारीक आहे, पण मुद्दा वर्गातल्या उदाहरणानेही सांगता येईल. एखाद्या मुलाचा दात दुखत असतो. त्याला ते कसे कळते? झाड पाहिले की झाडाचे चित्र मनात उमटते, तसे दुखण्याचे चित्र मनात काढून, मग ते ताडून, त्याला कळते का? नाही. दुखणे त्याच्यापाशी हजर असते, बस्स. 'मी आहे' हेही आपल्याला असेच कळते, कोणत्याही चित्राशिवाय. हे 'इल्मे हुजूरी', हजेरीचे ज्ञान. सुहरावर्दींच्या मते हेच मूळ ज्ञान, आणि व्याख्या, तर्क, चित्र हे सगळे त्याच्या नंतरचे. गंमत अशी की व्याख्यांवर विसंबणाऱ्या अरस्तूपंथी मंडळींना खोडून काढणारी ही गोष्ट शेखनी अरस्तूच्याच तोंडी घातली.

मग अरस्तू आपल्या उस्तादाची, अफलातूनची, तारीफ करू लागला. शेखनी विचारले की इस्लामच्या फिलॉसॉफरांपैकी कुणी त्याच्या पातळीला पोचले का? अरस्तूने नकार दिला, हजाराव्या हिश्शालाही नाही म्हणाला. शेख एकेकाचे नाव मनात आणत गेले, अरस्तूने लक्ष दिले नाही. मग त्यांना बायजीद बुस्तामी आणि सहल तुस्तरी आठवले. आता अरस्तूचा चेहरा खुलला. खरे हकीम तेच, तो म्हणाला. ते कागदावरच्या ज्ञानापाशी थांबले नाहीत.

या स्वप्नात केवढे धाडस आहे पाहा. फाराबी आणि इब्ने सीना बाहेर, आणि बायजीद आत! युनानचा सगळ्यात मोठा तर्कपंडित सुफींच्या बाजूने साक्ष देतो आहे. इमाम गझालींनीही फाराबी आणि इब्ने सीना यांच्यावर टीका केली होती, पण ती श्रद्धेच्या बाजूने. सुहरावर्दींची टीका अशी की तुम्ही युनानी ज्ञानाचे टरफल घेतले आणि गर टाकून दिला.

तो गर आपल्यापर्यंत आला कसा, यासाठी त्यांनी एक शब्द वापरला आहे, खमीर. आपल्या घरी आई कालच्या आंबलेल्या पिठाचा गोळा आजच्या पिठात घालते आणि रोटी फुगते, तसे. फिसागोरसच्या, म्हणजे पायथागोरसच्या, परंपरेचे खमीर इजिप्तच्या जुन्नून मिस्रींकडे आले, तिथून सहल तुस्तरींकडे. इराणच्या जुन्या खुस्रवानी हकीमांचे खमीर बायजीद, मन्सूर हल्लाज आणि अबुल हसन खरकानींकडे आले. आणि ही दोन्ही खमिरे आपल्यापाशी एकत्र झाली, असा शेखांचा दावा. सगळ्यांच्या मुळाशी हरमस, ज्यांना मुस्लिम लेखक हजरत इद्रीस (अ.) मानत.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला इथे थांबून सांगायला हवे की ही वंशावळ कागदपत्रांवर टिकत नाही. पायथागोरस हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. त्याच्यापासून जुन्नून मिस्रींपर्यंत गुरुशिष्यांची सलग साखळी दाखवता येत नाही. सिसिलीच्या एम्पेडोक्लीसने लुकमान हकीमांकडून हिकमत शिकली, असेही त्या काळी अबुल हसन आमिरींसारखे विद्वान लिहीत. शेखनी अशा समजुती उचलल्या. पण ते इतिहास लिहीत नव्हते. आपल्याला आलेला अनुभव याआधी कुणाकुणाला आला असेल, हे ते शोधत होते आणि त्या सगळ्यांना एका दस्तरखानावर बसवत होते.

'हिकमतुल इश्राक' हा त्यांचा मुख्य ग्रंथ ५८२ हिजरीत, म्हणजे ११८६ च्या सप्टेंबरमध्ये पुरा झाला. त्या दिवसांत सातही ग्रह तूळ राशीत जमले होते आणि मोठे वादळ होणार म्हणून ज्योतिष्यांनी लोकांना घाबरवून सोडले होते. वादळ आलेच नाही. ग्रंथ मात्र आला. त्याच्या सुरुवातीलाच ते सांगतात की हे मला विचार करून मिळाले नाही, दुसऱ्या मार्गाने मिळाले, दलील मी नंतर शोधली. अफलातूनला ते हिकमतीचा इमाम म्हणतात. ग्रंथाचा पाया आहे नूर. उजेडाची व्याख्या करता येत नाही, कारण व्याख्या करणे म्हणजे न दिसणारे दिसते करणे, आणि उजेडाहून जास्त दिसणारे दुसरे काय आहे? सर्वांच्या वर नूरुल अनवार, साऱ्या प्रकाशांचा प्रकाश. तिथून उतरत उतरत देहाच्या अंधारापर्यंत सगळे अस्तित्व. वाचकाला इथे सूरह नूरची आठवण येईल, प्लेटो वाचलेल्याला सूर्याची उपमा आणि गुहेतल्या कैद्यांची गोष्ट आठवेल. शेखांच्या दृष्टीने दोन्ही आठवणी बरोबर. ग्रंथ कुणी आणि कसा वाचावा याची अटही त्यांनी घातली आहे. आधी तर्कशास्त्र पक्के करा, मग चाळीस दिवस एकांत, मांस वर्ज्य, थोडे खाणे आणि अल्लाहच्या नूरचे चिंतन. त्यानंतर पुस्तक उघडा.

मग त्यांना मारले कशासाठी? हलब काही हिकमतीचे वैरी शहर नव्हते. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी याच शहरात सैफुद्दौलाच्या दरबारी फाराबींना मान मिळाला होता. सुहरावर्दींनाही आश्रय मिळाला, खुद्द सुलतान सलाहुद्दीन अय्युबींचे चिरंजीव अल मलिकुज्जाहिर यांचा. शाहजादा कोवळ्या वयाचा, शेखांच्या प्रेमात पडलेला. दरबारातल्या वादात शेख उलमांना हरवत, आणि हरवल्यावर नरम राहत नसत. उलमांनी दमिश्कला सुलतानाकडे लिहिले की हा माणूस तुमच्या मुलाचा ईमान बिघडवील.

एका जुन्या हकीकतीप्रमाणे त्यांना विचारण्यात आले की अल्लाह आणखी एक नबी निर्माण करू शकतो का? शेख म्हणाले, त्याच्या कुदरतीला सीमा नाही. म्हणजे प्रश्न शक्यतेचा होता आणि आरोप झाला खत्मे नबुव्वत नाकारल्याचा. पण मला वाटते, खरी ठिणगी दुसरीकडे होती. त्यांच्या ग्रंथात लिहिले आहे की अनुभव आणि तर्क दोन्हींत पूर्ण असा एक हकीम जगात नेहमी असतो, कधी उघड, कधी लपलेला. सत्ता त्याच्या हाती आली तर तो काळ नूरानी होतो. आता हे वाक्य ११९१ मध्ये एका सुलतानाच्या कानाने ऐका. वीसच वर्षांपूर्वी, ११७१ मध्ये, सलाहुद्दीननी मिस्रची फातिमी इस्माईली खिलाफत संपवली होती. लपलेला इमाम, नूर, हक्क, हे शब्द त्यांना चांगले परिचयाचे होते. त्याच वर्षीच्या जुलैत अक्का शहर क्रुसेडवाल्यांच्या हाती पडले होते. उत्तरेची किल्ली असलेले हलब, आणि तिथल्या तरुण हाकिमाच्या कानाशी असा एक शेख! सैफुद्दीन आमिदींनी सांगितलेली एक आठवण इब्ने खल्लिकान देतात. आपण समुद्राचे पाणी प्यायलो असे स्वप्न पडले, आता पृथ्वीचे राज्य मला मिळणार, असे शेख म्हणाले होते. आमिदींनी समजावले की ती इल्मची कीर्ती असेल, पण शेखांच्या मनातून काही ते गेले नाही.

हुकूम आला. शाहजाद्याने टाळाटाळ केली, हुकूम पुन्हा आला. ५८७ हिजरीत तो अमलात आला. कसा, यावर एकमत नाही. कुणी उपाशी ठेवले म्हणतात, कुणी गळा आवळला, कुणी तलवार.

सलाहुद्दीन अय्युबी आमच्या घराघरातले नायक. बैतुल मुकद्दस जिंकल्यावर त्यांनी दाखवलेली दया मी मुलांना दरवर्षी मन लावून शिकवते, यापुढेही शिकवीन. पण त्यांचेच चरित्रकार बहाउद्दीन इब्ने शद्दाद ही कत्ल लपवत नाहीत. सुलतानाच्या दीनदारीची खूण म्हणून, तारीफ म्हणून नोंदवतात. तेवढे पान गाळून पुढे जाणे मला जमत नाही. एका मजलिसीत मी हे बोलले तेव्हा एक बुजुर्ग प्रेमानेच म्हणाले, "बेटी, उलमांनी ज्याला नाकारले त्याचे नाव कशाला घेतेस?" त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. घरी आल्यावर सुचले की बायजीदांचे आणि अफलातूनचे नाव एका दमात घेणारा माणूस नाकारला, तर नुकसान अफलातूनचे काही होत नाही.

ग्रंथ मात्र कत्ल झाला नाही. शहरझूरी आणि कुतुबुद्दीन शिराझींनी त्यावर भाष्ये लिहिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मुहम्मद शरीफ हरवी यांनी इथे हिंदुस्थानात फारसीत 'अनवारिया' हे भाष्य लिहिले आणि जागोजागी इथल्या विचारांशी तुलनाही केली. अल्लामा इक्बालांनी १९०८ मध्ये छापलेल्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात सुहरावर्दींना आदराने मोठी जागा दिली. पुढे याच इक्बालांनी 'असरारे खुदी'त अफलातूनला मेंढ्यांच्या कळपात बसवले, हा भाग वेगळा! जगापासून तोंड फिरवायला शिकवणारा अफलातून त्यांना नको होता. सुहरावर्दींचा अफलातून तसा आहे का, हा वाद घालण्यासारखा आहे.

इब्ने खल्लिकान तरुणपणी शिकायला काही वर्षे हलबमध्ये राहिले होते, कत्लनंतर बऱ्याच वर्षांनी. ते लिहितात की शहरातल्या लोकांचे या माणसाबद्दल अजून एकमत नाही. कुणी त्याला जिंदीक म्हणतो, कुणी करामतवाला वली.

वर्गातल्या त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितले की अफलातून मुसलमान नव्हता, तो हजरत ईसा (अ.) यांच्याही साडेतीनशे-चारशे वर्षे आधीचा, पण एक मुसलमान शेख त्याला इमाम म्हणत होते. तिने ते वहीत नीट लिहून घेतले आणि विचारले, "टीचर, ये इम्तिहान में आएगा?"

मी म्हटले, नाही येणार.